दीड टनाचा एसी चालवायला सव्वापाच किलोवॅट लागतात का? आणि असेच बाकीचे प्रश्न

उन्हाळा लागला की या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांचा सूर बदलतो. डिसेंबरमध्ये इन्व्हर्टर नि बॅटरी, मार्चपासून एसी, टन, बीटीयू. यावेळी निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोंधळाची आहेत, उष्णतेची पॉवर आणि विजेची पॉवर एकमेकांत कशी बदलायची, म्हणून सगळी एकत्रच घेतोय. कॅल्क्युलेटर जवळ ठेवा. आणि ८६० हा आकडा लक्षात ठेवा, तो सारखा सारखा येणार आहे: १ किलोवॅट म्हणजे तासाला ८६० किलोकॅलरी, म्हणजेच बिलावरचं एक युनिट (एक किलोवॅट तासभर) ८६० किलोकॅलरीचं. बाकी सगळं त्याच्यावरूनच काढता येतं.

प्रश्न : काका, आम्ही दीड टनाचा एसी घ्यायला गेलो. दुकानात माहितीपत्रकावर "५.२ किलोवॅट" लिहिलेलं. आमच्या लाइट बिलावर मंजूर भार ३ किलोवॅट आहे. मिस्टर म्हणाले की हा एसी आपल्या घरात चालणारच नाही, मीटर जळेल. दुकानदार म्हणाला चालेल, सगळे चालवतात. कुणाचं खरं मानू? (एक गृहिणी, नाशिक)

ताई, दुकानदाराचं खरं आहे, पण त्याला ते का खरं आहे हे माहीत असेल असं नाही. आणि मिस्टरांचा हिशोब चुकीचा नाहीये, फक्त त्यांनी आकडा उलट्या बाजूचा घेतलाय.

तो ५.२ किलोवॅट म्हणजे एसी तुमच्या खोलीतून किती उष्णता उपसून बाहेर टाकतो तो वेग. वीज किती खातो ते नाही! वीज तो पूर्ण जोरात असताना साधारण दीड-पावणेदोन किलोवॅट खातो, आणि इन्व्हर्टर एसी असेल तर खोली गार झाल्यावर त्याहून बरीच कमी. आता दीड किलोवॅट घेऊन पाच किलोवॅटचं काम कसं करतो, ही जादू आहे का, तर नाही. एसी उष्णता किंवा गारवा तयार करत नाही, तो नुसता हमाल आहे. आतली उष्णता उचलायची आणि भिंतीपलीकडे नेऊन टाकायची. हमालाला पोतं वाहायला जेवढी भाकरी लागते त्यापेक्षा पोत्यात धान्य कितीतरी जास्त असतं की नाही, तसंच हे.

विश्वास बसत नसेल तर कुणाच्या तरी आउटडोअर युनिटसमोर दुपारी दोन मिनिटं उभं राहून बघा. तिथून जी गरम हवा तोंडावर येते त्यात खोलीतले ५.२ आणि कंप्रेसरने खाल्लेले दीड असे मिळून पावणेसात किलोवॅट असतात, म्हणजे साध्या घरगुती गिझरची तीन कॉइल एकदम चालू ठेवल्यासारखं. म्हणूनच ते युनिट बंद ड्राय बाल्कनीत, पुढे कपडे वाळत घातलेले, अशा ठिकाणी लावू नका. माझ्या मुलीच्या फ्लॅटमध्ये बसवणाऱ्याने पाइप वाचवायला नेमकं तेच केलं होतं, स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढून मशीन दुपारी तीनला ट्रिप व्हायचं आणि सगळे गॅस संपला गॅस संपला म्हणून ओरडत होते.

आता टन. हा शब्द वजनाचाच आहे, पण एसीच्या वजनाचा नाही, बर्फाच्या. यंत्राचा गारवा यायच्या आधी लोक खरोखरच बर्फाने गार करायचे. एकोणिसाव्या शतकात तर अमेरिकेतल्या तळ्यांचा बर्फ जहाजात भुश्शात गुंडाळून मुंबईला यायचा. मग मशीनं आली तेव्हा गिऱ्हाइकाला समजेल असं माप हवं होतं, तर म्हणाले की हे मशीन दिवसाला एक टन बर्फ वितळेल एवढा गारवा देतं. अमेरिकन टन, म्हणजे २००० पौंड, ९०७ किलो. शून्य डिग्रीचा एक किलो बर्फ वितळायला ८० किलोकॅलरी लागतात. ९०७ गुणिले ८०, भागिले २४ तास, आले तासाला ३०२३ किलोकॅलरी, पुस्तकात ३०२४ असतं. त्याला ८६० ने भागा, ३.५२ किलोवॅट. हाच एक टन. बीटीयू या ब्रिटिश उष्णतेच्या मापात तासाला १२,०००. दीड टन म्हणजे १८,००० बीटीयू, ५.२७ किलोवॅट. थोडक्यात तुमच्या बेडरूममध्ये दिवसाला दीड टन बर्फाच्या लाद्या आणून टाकल्यासारखं आहे ते, फक्त फरशी ओली होत नाही.

(हे मी आता शहाणपणाने सांगतोय, पण नोकरीच्या पहिल्या वर्षी एका कोल्ड स्टोरेजच्या कामावर कोटेशनमध्ये "४० टन प्लांट" वाचून साहेबांना विचारलं होतं की उतरवायला क्रेन सांगू का. पुढची दोन वर्षं मला साइटवर क्रेन म्हणायचे.)

घ्यायच्या वेळी दुकानात एवढंच करा, स्टार लेबल नीट वाचा. त्यावर कूलिंग कपॅसिटी वॅटमध्ये असते, ती बघा. "दीड टन" म्हणून विकलेले काही एसी प्रत्यक्षात ४.८ किलोवॅटचे असतात, म्हणजे टनात १.३६, आणि काही पूर्ण ५.२ चे. दोन्हीवर दुकानदार दीडच म्हणतो. दुसरा आकडा आयएसईईआर, तो म्हणजे वर्षभरात उपसलेली उष्णता भागिले खाल्लेली वीज. ५ असेल तर एका युनिटमागे पाच युनिटएवढी उष्णता बाहेर. तिसरा वर्षाच्या युनिटचा, तो १६०० तास धरून काढलेला असतो, तुम्ही रात्रभर चार महिने लावणार असाल तर आपल्या तासांच्या हिशोबाने कमीजास्त करून घ्या.

मीटर जळणार नाही. पण एसी, गिझर, इस्त्री एकाच वेळी लावली तर ३ च्या वर जाल, म्हणून भार वाढवून घेतलेला बरा, आणि एसीची लाइन डीपीपासून (घरातल्या मेन बोर्डापासून) वेगळी ओढून घ्या. जुन्या वायरिंगच्या प्लगवर लावू नका, हे मात्र मिस्टरांचं ऐका.

प्रश्न : गॅस गिझर ६ लिटरचा, इलेक्ट्रिक इन्स्टंट ३ लिटरचा आणि स्टोरेज १५ लिटरचा, यातला मोठा कोणता? (वाचक, चिंचवड)

इथे लिटर हा शब्दच फसवा आहे. गॅसवाल्याचं ६ लिटर म्हणजे मिनिटाला ६ लिटर, तो वेग झाला. इलेक्ट्रिकवाल्यांचे ३ आणि १५ हे टाकीत किती पाणी मावतं ते. किलोमीटर आणि ताशी किलोमीटर यांची तुलना केल्यासारखं.

सगळ्यांना किलोवॅटमध्ये आणा म्हणजे उजेड पडेल. गॅस गिझर मिनिटाला ६ लिटर पाणी २५ डिग्रीने तापवतो असं धरू. एक लिटर एक डिग्री म्हणजे एक किलोकॅलरी. ६ गुणिले २५, मिनिटाला १५० किलोकॅलरी, तासाला ९०००, भागिले ८६०, साडेदहा किलोवॅट! एवढीशी पेटी, दोन सेलवर चालणारी, आणि साडेदहा किलोवॅट. विजेवर तेवढं करायचं तर ४५ अँपिअर लागतील, तुमचा मोठा पॉवर प्लग १६ चा असतो.

इन्स्टंट इलेक्ट्रिक ३ किलोवॅटचा असतो. म्हणजे मिनिटाला ४३ किलोकॅलरी. त्याच २५ डिग्रीने तापवायचं तर मिनिटाला पावणेदोन लिटरही धड नाही, म्हणून थंडीत शॉवर लावला की पाणी कोमट येतं आणि लोक म्हणतात गिझर बिघडला. बिघडलेला नसतो, गणितच तेवढं आहे, नळ बारीक करा. तो वॉशबेसिनला नाहीतर भांडी घासायला ठीक.

स्टोरेजवाला २ किलोवॅटचाच असतो पण तो आधीपासून साठवून ठेवतो. १५ लिटर २० वरून ६० वर न्यायचं, ६०० किलोकॅलरी, म्हणजे ०.७ युनिट, साधारण २१ मिनिटं. त्यात तेवढंच गार पाणी मिसळलं की ४० डिग्रीचं ३० लिटर, एकाची बादलीभरून आंघोळ होऊन थोडं उरतं. आमच्या आजीचा तांब्याचा बंब याच तत्त्वावर होता, फरक एवढाच की त्यात शेंगांची टरफलं जळायची.

आणि एक, हे गणितापेक्षा महत्त्वाचं. साडेदहा किलोवॅटचा जाळ बंद बाथरूममध्ये पेटवला तर आतला ऑक्सिजन पटापट संपतो नि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना वास ना रंग. माणूस आत बेशुद्ध पडतो आणि बाहेरच्यांना वाटतं आंघोळ चालू आहे. अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेतच बसवायचा, आत नुसता गरम पाण्याचा पाइप. जागा नसेल तर घेऊ नका.

प्रश्न : सिलिंडर परवडतो की इंडक्शन? यूट्यूबवर प्रत्येकजण वेगळं सांगतो. (वाचक, सातारा)

दोन्ही एका मापात आणा, युनिटमध्ये. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस. एका किलोतून साधारण ११,००० किलोकॅलरी, म्हणजे पावणेतेरा युनिट. सगळा सिलिंडर मिळून १८० युनिटच्या घरात.

पण शेगडीची सगळी उष्णता पातेल्यात जात नाही, कडेने निसटते, किचनमध्ये उन्हाळ्यात जे उकडतं ते तेच. चांगल्या शेगडीवर दोन तृतीयांश पातेल्यात जाते, म्हणजे १२० युनिट. इंडक्शनवर ८५ टक्के जाते. तर तेवढाच स्वयंपाक इंडक्शनवर करायला १४० युनिटच्या आसपास लागतील.

आता तुमच्या बिलावरचा शेवटच्या स्लॅबचा दर घ्या, सगळे आकार धरून, आणि १४० ने गुणा. आलेली रक्कम सिलिंडरच्या किमतीपेक्षा जास्त आली तर गॅस स्वस्त, कमी आली तर इंडक्शन. दर मी मुद्दाम लिहीत नाही, तुम्ही हे वाचेपर्यंत दोन्ही बदललेले असतील. घरावर सोलर असेल तर मात्र विचारायलाच नको. भाकरी कशी भाजायची हा प्रश्न माझ्या सदराचा नाही.

प्रश्न : मी मिशिगनमध्ये असतो. घराच्या फर्नेसवर ८० एमबीएच लिहिलंय. हे काय ८० मेगा-काहीतरी आहे का? घाबरलो. (वाचक, अमेरिका)

घाबरू नका, तो एम मेगाचा नाही, रोमन आकड्यांतला, म्हणजे हजार. ८० हजार बीटीयू तासाला. १ किलोवॅट म्हणजे तासाला ३४१२ बीटीयू, म्हणून ३४१२ ने भागा, साडेतेवीस किलोवॅट. दशलक्षासाठी ते लोक दोन एम लिहितात, हजार गुणिले हजार म्हणून. आणि हा बहुतेक गॅस खाण्याचा आकडा असतो, घरात येणारा त्याहून कमी, फर्नेस ८० टक्क्यांची असेल तर पावणेएकोणीस. तुमच्याकडे गॅसच्या बिलात थर्म असेल तर तो बरोबर एक लाख बीटीयूचा, २९.३ युनिट. आपल्या लाखाचा तिकडे एवढा मान आहे हे बघून बरं वाटतं.

प्रश्न : माझ्या विहिरीवर ५ एचपीची सबमर्सिबल आहे. नेमप्लेटवर ३.७ किलोवॅट लिहिलंय, पण वायरमन म्हणतो साडेचारच्या वर खाते. मोटर रिवाइंडिंग केलेली आहे म्हणून जास्त खाते का? आणि जनरेटर किती केव्हीएचा घेऊ? (शेतकरी वाचक, तासगाव)

दादा, वायरमनचं बरोबर आणि नेमप्लेटचंही बरोबर. ५ गुणिले ७४६, ३.७३ किलोवॅट, हे मोटर शाफ्टवर किती ताकद देते ते. मोटरच्या नेमप्लेटवर नेहमी देण्याचा आकडा असतो, घेण्याचा नाही. बल्बवर, गिझरवर असतो तो घेण्याचा. एकाच घरात दोन रीती, कुणी ठरवलं देव जाणे. मोटरची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर ३.७३ भागिले ०.८, ४.६६ किलोवॅट तारेतून येणार, तासाला साडेचार-पावणेपाच युनिट. रिवाइंडिंग कच्चं असेल तर आणखी थोडं जास्त, पण मूळ फरक त्याचा नाही.

आणि पुढेही गळती आहेच. समजा ४० मीटरवरून सेकंदाला ५ लिटर पाणी वर येतंय. त्या पाण्याला खरी लागणारी ताकद ५ गुणिले ९.८१ गुणिले ४०, म्हणजे १९६२ वॅट, दोन किलोवॅटपेक्षा कमीच. तारेतून पावणेपाच गेले नि पाण्यापर्यंत दोन पोचले. बाकीचं मोटरच्या तांब्यात, पंपाच्या इंपेलरमध्ये, पाइपच्या घर्षणात गेलं, आणि शेवटी त्या सगळ्याची उष्णताच झाली, विहिरीचं पाणी तेवढं नखभर गरम झालं. म्हणून मोटरचा एचपी वाढवायच्या आधी पाइपचा व्यास बघा, बेंड बघा. अडीच इंची पाइपच्या जागी दोन इंची घातला की एचपी कितीही घाला, पाइपच खातो.

जनरेटर. ४.६६ किलोवॅट, पॉवर फॅक्टर (जनरेटरच्या केव्हीएतला खरा कामाचा किलोवॅट किती, तो हिस्सा) ०.८ धरला तर ५.८ केव्हीए चालू असताना. पण सुरू होताना मोटर पाच-सहा पट करंट ओढते, तिथे ६ केव्हीएचा जनरेटर मान टाकतो. डायरेक्ट स्टार्टर असेल तर निदान दुप्पट-अडीचपट, १२.५ ते १५ केव्हीए. स्टार-डेल्टा, म्हणजे सुरुवातीचा करंट कमी करणारा स्टार्टर असेल तर थोडं कमी चालेल.

आता यातच एक माफी. गेल्या अंकात मी एक एचपी म्हणजे ७४६ वॅट असं ठामपणे लिहिलं होतं, त्यावर सांगलीच्या एका निवृत्त फिटर काकांनी पोस्टकार्ड पाठवलंय की त्यांच्या जर्मन मशीनवर ७३५ येतो, तुम्ही शिकवता काय. काका, तुमचं बरोबर आहे. घोडे दोन जातीचे आहेत. ब्रिटिश घोडा जेम्स वॅटचा, मिनिटाला ३३,००० फूट-पौंड, तो ७४५.७ वॅट. वॅटला वाफेचं इंजिन विकायचं होतं आणि गिऱ्हाइकं घोडे वापरत होती, म्हणून हे माप निघालं, टनाच्या बर्फासारखीच गोष्ट. युरोपातला मेट्रिक घोडा म्हणजे ७५ किलोचं ओझं सेकंदाला एक मीटर वर उचलणं, तो ७३५.५ वॅट. दीड टक्क्याचा फरक, शेतात काही बिघडत नाही, पण पोस्टकार्ड आलं की लिहावं लागतं. आणि बॉयलरवाल्यांचा घोडा तर तिसराच, अवाढव्य, ९.८१ किलोवॅटचा. तो वाफेच्या उष्णतेचा घोडा, त्याला मोटरच्या घोड्याशेजारी बांधू नका.

प्रश्न : सर, मी अकरावीत आहे. आमच्या इथल्या कोराडीच्या एका संचाची क्षमता ६६० मेगावॅट आहे. पण कुडनकुलमच्या अणुभट्टीबद्दल वाचताना एका ठिकाणी ३००० मेगावॅट आणि एका ठिकाणी १००० मेगावॅट दिलंय. छापायची चूक आहे का? आणि वीज म्हणजे उष्णताच असेल तर सगळ्या उष्णतेची वीज का करत नाहीत? (विद्यार्थिनी, नागपूर)

चूक नाही, बेटा. ३००० हे अणुभट्टी तयार करते ती उष्णता, १००० ही त्यातून निघालेली वीज. अणुऊर्जेत दोन्ही लिहायची पद्धत आहे म्हणून तुला दिसलं. कोळशाच्या केंद्राचा उष्णतेचा आकडा पाटीवर कुणी लिहीत नाही, म्हणून तो नसतो असं वाटतं.

कोराडीच्या एका ६६० च्या संचाचा आपणच काढू. नवीन सुपरक्रिटिकल (खूप जास्त दाबाच्या वाफेचा) संच साधारण ३८ टक्के कार्यक्षमतेचा धरला तर ६६० भागिले ०.३८, १७३७ मेगावॅट उष्णता बॉयलरमध्ये सोडावी लागते. पॉवर स्टेशनमधले लोक टक्क्यात बोलत नाहीत, ते हीट रेट म्हणतात: एका युनिटला किती किलोकॅलरी जाळल्या. ८६० भागिले ०.३८, म्हणजे २२६३. उलटं पण करता येतं, कुणी म्हणालं आमचा हीट रेट २५००, तर ८६० ला २५०० ने भाग, ३४ टक्के. बघ, ८६० परत आला.

आता १७३७ मेगावॅट म्हणजे तासाला जवळजवळ दीडशे कोटी किलोकॅलरी. आपल्याकडच्या कोळशात किलोला ३५०० किलोकॅलरी धरल्या तर तासाला सव्वाचारशे टन कोळसा लागतो. रेल्वेच्या एका वाघिणीत ६० टनाच्या आसपास मावतो. तू एक तासाचा पेपर लिहून बाहेर येईपर्यंत एका संचाने सात वाघिणी संपवल्या! अठ्ठावन्न वाघिणींची अख्खी मालगाडी आठ-साडेआठ तासांत. असे तिथे ६६० चे तीन संच आहेत, आणि चंद्रपूर तर सगळं मिळून २९२० मेगावॅटचं.

उरलेले १०७७ मेगावॅट कुठे जातात? थोडे चिमणीतून, बहुतेक कुलिंग टॉवरमधून. रस्त्याने जाताना जो पांढरा ढग दिसतो त्याला लोक धूर म्हणतात, तो धूर नाही, पाण्याची वाफ आहे, कंडेन्सरमधली (जिथे टर्बाइनमधून आलेल्या वाफेचं पुन्हा पाणी होतं) उष्णता घेऊन वर चाललेली.

सगळ्याची वीज का नाही, तर इथेच या सगळ्या रूपांतराची खरी मेख आहे. कागदावर १ किलोवॅट उष्णता आणि १ किलोवॅट वीज सारखीच, ८६० ने गुणलं भागलं की झालं. प्रत्यक्षात विजेची उष्णता शंभर टक्के होते, गिझरची कॉइल हेच करते, कसलं कौशल्य लागत नाही. उष्णतेची वीज करताना मात्र निसर्ग कमिशन कापतो. वाफ ५६५ डिग्रीची आणि कंडेन्सर ४० डिग्रीचा, तर केल्विनमध्ये, म्हणजे २७३ मिळवून, ८३८ आणि ३१३. १ वजा ३१३ भागिले ८३८, आलं ६३ टक्के. कितीही भारी इंजिनिअर आणा, त्या तापमानांत याच्यावर जाताच येत नाही, आणि खऱ्या मशीनमध्ये घर्षण-गळती धरून ४० च्या आसपास राहतं. हे तुला बारावीत थर्मोडायनॅमिक्समध्ये कार्नोच्या नावाने येईल, तेव्हा कोराडीच्या वाघिणी आठव. अणुभट्टीची वाफ त्याहून बरीच कमी तापमानाची असते, म्हणून तिथे तीनातला एकच भाग हाती लागतो.

प्रश्न : आमच्या मंगल कार्यालयात एसी हॉल करायचाय. ५०० माणसांचा. एसीवाला म्हणतो, नुसत्या माणसांचे १४ टन धरा. माणसांचे टन? हे फसवणं आहे का? (वाचक, बार्शी)

नाही हो, माणूस चांगलाच हीटर आहे. दिवसाला २००० किलोकॅलरी खातो, भागिले २४, भागिले ८६०, जवळपास ९७ वॅट. जुना १०० चा पिवळा बल्बच म्हणा. ५०० माणसं म्हणजे ५० किलोवॅट, भागिले ३.५२, १४ टन. एसीवाला प्रामाणिक आहे. त्यावर छताचं ऊन, लाइट, दार उघडं राहणं, आणि जेवणाची पंगत त्याच हॉलमध्ये असेल तर गरम वरणभाताची वाफ, हे सगळं वेगळं. वरातीतले नाचून आत आले की ते शंभराचे बल्ब काही वेळ दोनशे-तीनशेचे होतात, तेही त्याला सांगा.

प्रश्न : आमचं छोटं प्रोसेस हाउस आहे. सहा लाखाचा थर्मिक फ्लुइड हीटर ब्रिकेटवर चालतो. राख, धूर, माणसं, कंटाळा आलाय. एकजण म्हणतो इलेक्ट्रिक करा, २०० किलोवॅटमध्ये बसवून देतो. करू का? (उद्योजक वाचक, इचलकरंजी)

बाहेरच्या वाचकांसाठी: प्रोसेस हाउस म्हणजे कापडावर प्रक्रिया करणारा कारखाना, थर्मिक फ्लुइड हीटर म्हणजे तेल तापवून ते मशीनांत फिरवणारी भट्टी, आणि ब्रिकेट म्हणजे भुसा वगैरे दाबून केलेले जळणाचे ठोकळे. सहा लाख ही किंमत नाही, तासाला सहा लाख किलोकॅलरी. आपल्या इंडस्ट्रीत बोलताना मागचं सगळं गळून नुसता लाख राहतो, आमच्या एका अकाउंटंटने यावरून घसारा काढला होता.

६,००,००० भागिले ८६०, ६९८ किलोवॅट. तो माणूस २०० म्हणतोय. आता एकतर त्याला रूपांतर येत नाही, नाहीतर त्याने तुमचा प्रत्यक्ष लोड मोजलाय आणि तो खरंच कमी आहे. दुसरं अशक्य नाही हं. हीटर घेताना सगळे पुढचा विचार करून मोठा घेतात आणि मग वर्षानुवर्षं तो निम्म्यावर चालतो. तेव्हा आधी त्याला विचारा की २०० कुठून आणलेस. उत्तर देताना तो तेलाचा फ्लो आणि जाणाऱ्या-येणाऱ्या तेलाच्या तापमानातला फरक याबद्दल बोलला तर चहा पाजा, नाहीतर नमस्कार करा.

तुम्ही स्वतःही मोजू शकता. महिनाभर रोजचं ब्रिकेट वजन करून लिहा, नि हीटर किती तास चालला तेही. ब्रिकेटमध्ये किलोला ३६०० किलोकॅलरी आणि हीटर ७० टक्क्यांचा धरला तर किलोमागे २५०० तेलात जातात. पूर्ण सहा लाखाला तासाला २४० किलो लागेल. तुमचं प्रत्यक्षात ९० किलोच जात असेल तर सव्वादोन लाख किलोकॅलरी, म्हणजे २६० किलोवॅट, मग तो माणूस अगदीच वाया गेलेला नाही.

पैशाचं गणित सोपं आहे: एक किलो ब्रिकेट म्हणजे २५०० भागिले ८६०, २.९ युनिट. विजेचा औद्योगिक दर २.९ ने गुणा आणि ब्रिकेटच्या किलोच्या भावाशेजारी ठेवा. मला वाटतं तो कागद बघूनच तुमचा राखेचा कंटाळा बराचसा जाईल. शिवाय एवढा लोड लो टेन्शनवर मिळत नाही, हाय टेन्शन, ट्रान्सफॉर्मर, डिमांड चार्जेस, सगळं आलं.

हीट पंप म्हणाल तर तो एसीसारखाच हमाल, एका युनिटमागे तीन युनिट उष्णता आणतो, पण साधारण ७०-८० डिग्रीपर्यंतचं काम त्याचं. स्टेंटरला (कापड ताणून सुकवणाऱ्या मशीनला) अडीचशे डिग्रीचं तेल लागतं, तिथे त्याचा उपयोग नाही. तुमच्याकडे धुलाईला गरम पाणी लागत असेल आणि तेही आत्ता याच हीटरवरून घेत असाल, तर तेवढं पाणी काढून हीट पंपावर टाका, हे मात्र करून बघण्यासारखं आहे. रोज किती लिटर आणि किती डिग्री ते कळवा, पुढच्या अंकात त्याचे किलोवॅट काढून देतो.